तळहातावरचं दही

२३ फेब्रुवारी, रविवार

अस्मिताच्या नववीच्या वह्यांतली कोरी पानं सोडवून, शिवून ही वही केली. हिशेबाच्या वहीत मनातलं लिहायला लागले की बेरीज चुकते, म्हणून हे वेगळं.

अस्मिताची दहावीची परीक्षा सुरू झाली. मराठीचा पेपर बरा गेला म्हणाली. मी देवापुढे अखंड दिवा लावला आहे. शेवटचा भूगोलाचा पेपर होईपर्यंत तो विझू द्यायचा नाही. तेल जास्त लागेल, पण ते मी भाजीच्या फोडणीतून वाचवीन.

पूर्वा आजही सकाळपासून आमच्याकडेच होती. समोरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. बालवाडीपासून दोघींचा एकच बाक, एकच कंपासपेटी. पोरगी हुशार आहे, पण तोंड फार. सरबत दिलं तर म्हणते, "काकू, ह्यात लिंबू पिळलंय की नुसतं दाखवून आणलंय?"

"आवडत नसेल तर तुझ्या घरी जाऊन पी."

"नको, आमच्याकडे दाखवतसुद्धा नाहीत," म्हणाली आणि दुसरा पेला मागून घेतला. मग पिठल्याच्या कढईची खरपुडी कुणी खायची ह्यावरून दोघींची झटापट. तीच जिंकली. नेहमी तीच जिंकते, अस्मिता हरते म्हणून.

दुपारी नकाशे भरत बसल्या होत्या. भूगोलात भारत आणि ब्राझील आहे. पूर्वा म्हणाली, "काकू, ब्राझीलला जायला बस कुठून मिळते हो?"

मी काही म्हणायच्या आत अस्मिता म्हणाली, "कात्रजची धरायची आणि शेवटच्या स्टॉपला उतरायचं."

दोघी तोंडात ओढणी कोंबून हसत सुटल्या. परीक्षेच्या दिवसांत एवढं हसू बरं नव्हे.

२ मार्च, रविवार

काल इंग्रजीचा पेपर झाला. पूर्वानं अस्मिताकडून निबंध पाठ करून घेतला होता, तोच आला. पूर्वाच्या वडिलांना, विक्रमरावांना, मी हे गुरुवारी हरिपाठाला मुद्दाम सांगणार आहे. आमच्या मंडळात पेटी तेच वाजवतात. बँकेत मोठ्या जागेवर आहेत, पण गर्व नाही. त्यांनी अभंग उचलला की अंगावर काटा येतो.

असा माणूस, आणि बायको सोडून गेली. भाग्यश्री तिचं नाव. दोन वर्षं झाली, आता कात्रजला एका खोलीत राहते, शिलाईकाम करते म्हणे. इथे होती तेव्हा तिचा हात दोनदा मोडला. ओल्या फरशीवरून पाय घसरला, असं विक्रमरावांनीच सांगितलं होतं. काही बायकांना चालायचं भान नसतं.

त्यांच्या घराची शिस्त मात्र बघण्यासारखी. पुढची गॅलरी माझ्या स्वयंपाकघरातून समोर दिसते. तिथे एक रुमालसुद्धा वाळत घातलेला त्यांना चालत नाही, सगळे कपडे मागच्या बाजूला. पूर्वा उन्हाळा आला तरी पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालते. आणि खाली विक्रमरावांच्या स्कूटरचा हॉर्न वाजला की अर्धी काढलेली रेघ तशीच टाकून उठते. धाक असावा तर असा. अस्मिताला दहा हाका मारल्या तरी ढिम्म.

६ मार्च, गुरुवार

होळी जवळ आली म्हणून पुरणयंत्र काढायला दिवाण उघडला. गाद्यांच्या खाली एक निळी बॅग. आमची नव्हे. आत पूर्वाचे दोन ड्रेस, जन्मदाखला, आधार कार्ड आणि भाग्यश्रीचा एक जुना फोटो.

अस्मिता आली तशी बॅग तिच्यापुढे ठेवली. ती पांढरी पडली.

"आधी शपथ घे. माझ्या गळ्याची."

"गळ्याच्या शपथा घालू नयेत, कितीदा सांगितलं तुला?"

"मग मी नाही सांगत. मारायचं तर मार."

शेवटी देवासमोर तिच्या गळ्याला बोटं लावून शपथ घेतली, कुणाला सांगणार नाही म्हणून. मग सांगितलं. भूगोलाचा पेपर झाला की पूर्वा घरी जाणार नाही. भाग्यश्री शाळेजवळच्या बसस्टॉपवर येऊन थांबणार. बॅग अस्मिता नेऊन देणार. मग मायलेकी कात्रजला, कायमच्या.

"आणि बापानं काय करायचं?"

"तू तिचे दंड बघितलेस का कधी, आई?"

"कुणाचे वडील मारत नाहीत? मला नाही का मारलं माझ्या वडिलांनी?"

"पट्ट्यानं?"

मुली रागात वाढवून सांगतात.

अस्मिता म्हणाली, "मी तुला सांगितलंय हे पूर्वाला माहीत नाही. ती म्हणाली होती, कुणालाही चालेल, फक्त काकूंना नको सांगूस."

हे मला लागलं. ती बालवाडीत होती तेव्हापासून तिला माझ्या हातानं वाढलं आहे मी.

९ मार्च, रविवार

जपाला बसले तरी मन ठिकाणावर नाही. माळेचे मणी नुसते पुढे ढकलते आहे. वयात आलेली मुलगी, नवरा टाकलेल्या बाईच्या एका खोलीत जाऊन राहणार. आणि उद्या चौकशी झाली तर बॅग कुणाच्या दिवाणात सापडणार? आमच्या. नाव कुणाचं येणार? अस्मिताचं. विक्रमरावांच्या समोर गुरुवारी टाळ घेऊन बसायचं आणि त्यांच्याच घरात हे चाललंय ते पोटात ठेवायचं, हे पाप नाही तर काय?

पण शपथ. ह्यांनाही सांगितलेलं नाही. शपथ ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हटलं तर सुटते. नाहीतर ज्याच्या गळ्याची घेतली त्याच्यावर उलटते. माझ्या मावशीच्या घरी हे झालेलं मी बघितलं आहे. अस्मिता माझी एकुलती एक. तिच्या गळ्याशी खेळ नाही.

पूर्वा आज आली तेव्हा मी तिला गरम पोळीवर तूप घालून दिलं. माझ्याकडे बघत राहिली. "काकू, आज काय सण आहे? तूप दिसतंय." मग पोळी गुंडाळून एका घासात संपवली आणि म्हणाली, "तुमच्या हातची पोळी मला आठवेल हो." मी विचारलं, आठवेल म्हणजे? कुठे चाललीस? तर म्हणे, "अकरावीत गेल्यावर वेळ कुठे मिळणार?"

माझ्या तोंडावर खोटं बोलली.

१२ मार्च, बुधवार

आज विज्ञानाचा दुसरा पेपर होता. निघताना नेहमीप्रमाणे अस्मिताच्या तळहातावर दही-साखर ठेवली. ती खायला वाकली तेव्हा मला देवानंच सुचवलं.

"थांब. पेपरला जाताना कुणावर घातलेली शपथ बरोबर नेऊ नये. सुटली म्हण."

"कसली शपथ?"

"कसलीही. मैत्रिणींच्या हजार शपथा असतात तुमच्या. सगळ्या सुटल्या म्हण, मग खा."

"आई, रिक्षा थांबलीये."

"म्हण."

"सुटली, सुटली, सुटली. दही सांडतंय, आई." एका घासात चाटलं, हात फ्रॉकला पुसल्यासारखा युनिफॉर्मला पुसला, आणि पळाली.

स्वतःच्या तोंडानं म्हणाली. मी काही तिला फसवलं नाही. देवासमोरच म्हणाली, दिवा साक्षीला आहे. मनावरचा मोठा भार उतरला. आज खूप दिवसांनी जप नीट झाला.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पुरण छान झालं.

हरिपाठ आज लवकर आटोपला. सगळे होळीच्या घाईत निघाले. विक्रमराव पेटीवर कापड घालत होते तेव्हा मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. काही नाही. कापडाची टोकं एकमेकांना जुळवत ऐकत राहिले. दोनच गोष्टी विचारल्या. "कुठला स्टॉप?" आणि "पेपर सुटल्यावरच ना, आधी नाही?"

मग म्हणाले, "फार बरं केलंत, वहिनी. मुलगी वाहवत गेली असती."

मी म्हटलं, "तिला मारू नका हो."

हसले. "माझी मुलगी आहे ती."

नंतर समोरची ज्ञानेश्वरीची पोथी माझ्यापुढे केली. मला सांगितलंत हे कुणालाही कळता कामा नये, पोरीची बदनामी होईल, हात ठेवा ह्याच्यावर. मुलीच्या अब्रूची केवढी काळजी. मी हात ठेवला. प्रसादाचा पहिला द्रोण त्यांनी मला दिला.

परतताना चौकात होळी पेटली होती. नमस्कार केला, नारळ टाकला. बरं वाटलं.

१५ मार्च, शनिवार

पूर्वा काल धुळवडीलाही आली नाही. आज इतिहासाच्या पेपराला विक्रमराव तिला स्वतः स्कूटरवरून घेऊन गेले. बँकेतून रजा काढून. अस्मिता आली ती गप्प.

"पेपर अवघड होता का?"

"ती माझ्याशी बोलली नाही. माझ्याकडे बघितलं पण नाही. तिचे बाबा पेपर सुटेपर्यंत गेटवर उभे होते."

"काळजी असते बापाला."

तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं. "आई, तू कुणाला काही बोलली नाहीस ना?"

"मी तुझ्या गळ्याची शपथ घेतली होती ना?"

ह्यात एक अक्षर खोटं नाही. घेतलीच होती.

१७ मार्च, सोमवार

अस्मिता दही खाऊन भूगोलाच्या पेपराला गेली आणि थोड्या वेळानं समोर आरडाओरडा झाला. खाली गेले. लोकांनी चादर टाकलेली होती. चादरीच्या बाहेर युनिफॉर्मची बाही दिसत होती.

वर येऊन आंघोळ केली. जप करायला बसले, नाव आठवेना.

अस्मिता फार उशिरा आली. दारातूनच बोलत आली. पूर्वाचा बाक रिकामा होता, नकाशा तिनं सांगितलेलाच आला, स्टॉपवर तिची आई उभी होती, दोघी वाट बघत बसलो, किती बस गेल्या, ती आलीच नाही, मी आता समोर जाऊन बघते.

मी तिला आधी हातपाय धुवायला लावले. मग सांगितलं.

दिवा आज शांत करायचा होता. केला नाही. तेल घालते आहे.

२० मार्च, गुरुवार

मी आणि हे समाचाराला जाऊन आलो. अस्मितानं यायला नकार दिला. अजून एक शब्द बोललेली नाही, दोन घासही गेलेले नाहीत.

विक्रमराव पाटावर बसले होते. म्हणाले, "पुढच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती. फरशी ओली होती. पाय घसरला. हरीची इच्छा." रडले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी गॅलरीत उभी राहून खाली बघितलं. कठडा माझ्या छातीला लागतो, आणि पूर्वा माझ्याहून बुटकी. बांधकाम चांगलं आहे त्यांच्या सोसायटीचं. दोरी कुठे दिसली नाही. काढून ठेवली असेल. पेपरच्या दिवशी सकाळी, युनिफॉर्म घालून, पोरीनं टॉवेल कशाला वाळत घालावा, एवढंच मला समजलं नाही.

उतरताना खालच्या पायरीवर भाग्यश्री बसलेली. तिला वर येऊ दिलं नव्हतं. माझा पदर धरला.

"आनंदीताई, मला स्मशानात म्हणाले, स्टॉपवर फार वेळ उभं राहावं लागलं का? त्यांना स्टॉप कुणी सांगितला?"

मी म्हटलं, "देवाला ठाऊक."

हे तिला म्हणाले, "चहा घेऊन जा आमच्याकडे." मी ह्यांच्याकडे बघितलं. ती आली नाही.

२५ मार्च, मंगळवार

आज पापमोचनी एकादशी. कडक धरली, पाण्यावर.

अस्मिता सकाळी न सांगता कात्रजला जाऊन आली. मी पोथी वाचत होते, समोर येऊन बसली. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं.

"स्टॉप तिला, तिच्या आईला आणि मला माहीत होता. आणि तुला."

मी पोथी मिटली. "तू स्वतः सुटली म्हणालीस."

तिला आधी कळलं नाही. मग ती स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली.

"त्या दिवशी. दह्याच्या वेळी."

"हो."

"म्हणून म्हणायला लावलंस."

"तुझ्या जिवाला काही होऊ नये म्हणून, अस्मिता. माझं दुसरं कोण आहे?"

"मला काहीच झालं नाही," ती म्हणाली.

आणि उठून स्टॉपवरून तशीच परत आणलेली निळी बॅग दिवाणातून काढली, उशाशी घेतली. फोटो बाहेर काढून परत आत ठेवला. ड्रेसला नाक लावून बसली होती.

मी विक्रमरावांना का सांगितलं ते तिला आज समजणार नाही. आई झाल्यावर समजेल.

२८ मार्च, शुक्रवार

पोलिसांकडून दोन बायका चौकशीला आल्या होत्या. चपला बाहेर काढून आल्या, नीट बोलत होत्या.

"मुलगी तुमच्याकडे यायची ना? काही बोलून दाखवलं होतं का तिनं?"

"नाही हो. हसरी होती."

"वडील मारहाण करायचे असं तिच्या आईचं म्हणणं आहे."

"देवमाणूस आहे तो," मी म्हटलं. "ती बाई घर सोडून गेलेली."

त्यांनी लिहून घेतलं. अस्मिता आतल्या खोलीत होती. त्या गेल्यावर बाहेर आली.

"का नाही सांगितलंस? तुला दंड माहीत होते. पट्टा माहीत होता. तूच त्यांना स्टॉप सांगितलास, हे तरी सांगायचंस."

"मला बोलता येत नाही. मी पोथीवर हात ठेवला आहे."

"कुणी ठेवायला लावला?"

मी पोथीवरचं कापड सारखं केलं, पण तिला समजलं.

"ती शपथ पाळतेस?"

"ज्ञानेश्वरीवर हात ठेवून दिलेला शब्द आहे. तो मोडला तर उलटेल."

"कुणावर?"

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणाले, "आपण ह्यात पडू नये. दोघीही जेवायला वाढा."

दोघींनीही वाढलं नाही. ह्यांनी हातानं घेतलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, कडुनिंबाची चटणी केली. अस्मितानं ती मात्र मागून घेतली आणि भाताबरोबर खावी तशी सगळी खाल्ली.

समोरच्या गॅलरीत आज नवी दोरी बांधली आहे. दोरीवर टॉवेल वाळत होता. आम्ही इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं. घरात बाईमाणूस राहिलं नाही की शिस्त जाते, दुसरं काय?

स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. फोडणीचा धूर कोंडला तरी उघडली नाही.

३ एप्रिल, गुरुवार

हरिपाठाला गेले. विक्रमराव परत येऊन पेटीवर बसले. माझ्याकडे बघून मान लववली. त्यांनी अभंग उचलला. सगळ्यांच्या अंगावर काटा आला असेल. मी टाळ वाजवत होते, पण माझं लक्ष त्यांच्या हातांकडेच जात होतं. बोटं इतकी मऊ फिरतात पट्ट्यांवर.

नंतर वाटलं जवळ जाऊन म्हणावं, विक्रमराव, माझी शपथ सोडवा. जवळ गेलेही. ते कापडाची टोकं जुळवत होते.

"काही म्हणायचंय का, वहिनी?"

"नाही," म्हटलं. प्रसाद न घेताच आले.

७ एप्रिल, सोमवार

काल रामनवमी झाली. आज हे ऑफिसला गेल्यावर अस्मितानं केस विंचरले, निळी बॅग खांद्याला लावली. भाग्यश्री खाली येऊन थांबली होती. दोघी पोलीस चौकीत जाणार, अस्मिता जबाब देणार. तिला जे माहीत आहे ते सगळं. माझ्यासकट.

मी म्हटलं, "थांब." वाटीत दही-साखर कालवली. मूल महत्त्वाच्या कामाला निघालं की हात आपोआप दह्याकडे जातो, त्याला मी काय करू?

तिनं हात पुढे केला. मी दही ठेवलं. तिनं खाल्लं नाही, हात तसाच धरून ठेवला.

"आता तू म्हण. सुटली म्हण, आणि चल माझ्याबरोबर."

"मला नाही म्हणता येत, अस्मिता. ज्यानं घातली त्यानंच म्हणायचं असतं."

"मग त्यांच्या हातावर ठेवून ये दही."

तिनं मूठ मिटली आणि गेली. मी दारात उभी राहिले. खालून भाग्यश्रीनं एकदा वर बघितलं. बॅग तिनं आपल्याकडे घेतली.

त्या गेल्यावर बघते तर जिन्यात पायरी-पायरीवर दह्याचे थेंब पडत गेलेले. ओलं फडकं घेऊन बसले आणि वरपासून खालपर्यंत सगळे पुसले, मग कोरड्या फडक्यानं परत एकदा. कुणाचा पाय घसरायला नको.